कै. दादासाहेब फाळके आणि त्यांचीं उरलेलीं रिळें

आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांस व्यंगचित्रपटांची, ज्यांस आतां सर्वजण कार्टून असेंच म्हणतात त्यांची, मोठी हौस आहे हें आम्ही जाणतों. आणि त्यांच्या आईबापांस ती हौस नेहमींच रुचते असें नाहीं, हेंही जाणतों. तथापि २०२५ च्या जानेवारींत, जपानी व भारतीय कलावंतांनीं मिळून तयार केलेला रामायणाचा जुना व्यंगचित्रपट पुन्हां स्वच्छ व तेजस्वी करून आपल्या देशांतील चित्रगृहांतून लावण्यांत आला, तेव्हां ज्यांनीं तो स्वतःच्या बालपणीं घरच्या संचावर पाहिला होता असे पालकही मुलांचा हात धरून तो पाहावयास गेले. जुनें चित्र असें पुन्हां उजळतां येतें तें कशाच्या बळावर? मूळ फिल्म कोणीतरी जपून ठेविलेली असते, म्हणून. जेथें ती ठेविली गेली नाहीं, तेथें कितीही उत्तम यंत्र आणलें तरी तें व्यर्थ होय. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रांत अत्यंत स्पष्टपणें दिसून येते, त्या कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची हकीकत आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों. आपल्या देशांतील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट त्यांनीं केला हें सर्वांस पाठ आहे. परंतु निर्जीव आगकाड्यांस पडद्यावर चालावयास लावणारेही तेच, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृताचे शास्त्री होते. पुढें ते मुंबईस विल्सन कॉलेजांत, म्हणजे स्कॉटिश मिशनच्या विद्यालयांत, संस्कृत शिकवूं लागले, आणि त्यामुळें कुटुंबही मुंबईस आलें. शास्त्र्याच्या मुलानें शास्त्री व्हावें हा त्या काळचा रिवाज. पण या मुलाचें चित्त पोथींत न रमतां रंगांत, नाटकांत व हातचलाखींत रमे. १८८५ सालीं तो सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनांत गेला. चित्रें रंगविणें, छायाचित्रें काढणें, छपाईचे ठसे करणें, मातीचे नमुने घडविणें, या साऱ्या कला त्यानें एकामागून एक हस्तगत केल्या. जादूचे प्रयोगही तो शिकला, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून प्रोफेसर केळफा या नांवानें ते करूं लागला. एका कलेंत पुरतें बस्तान बसण्यापूर्वींच दुसरीकडे धांवणाऱ्या या तरुणास वडीलधाऱ्यांनीं नांवें ठेविलीं असतील तर त्यांत नवल नाहीं. पण ज्या धंद्यास अजून देशांत नांवही नव्हतें, त्याची ही सर्व पूर्वतयारीच होती.

गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचें दुकान मांडलें. तेथें प्लेगच्या सांथींत त्यांची प्रथम पत्नी व मूल हीं दगावलीं, आणि तें गांव त्यांस सोडावें लागलें. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांजविषयीं पुढें अधिक सांगावयाचें आहे. १९०३ मध्यें सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत त्यांस नोकरी लागली. ती तीन वर्षांत सोडून त्यांनीं लोणावळ्यास, जेथें आमच्या नवी मुंबईंतील मंडळी पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास व चिक्की घेण्यास जातात तेथें, छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांची छपाई करणाऱ्या छापखान्यासाठीं ते काम करीत. पुढें हा कारखाना दादरला आला, रंगीत छपाईचें यंत्र आणण्यासाठीं फाळके १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले, आणि नंतर भागीदारांशीं बिनसल्यावर चालता धंदा सोडून ते रिकाम्या हातांनीं घरीं येऊन बसले. भागीदारांशीं भांडण हा त्यांच्या आयुष्यांतील वारंवार येणारा प्रसंग आहे. तो लपवून ठेवून चरित्र लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

याच सुमारास, १९११ च्या आसपास, गिरगांवांतील एका तंबूवजा चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र सरकत असतां त्यांच्या मनांत राम व कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांच्या कथाही अशाच दाखवितां येतील, आणि त्या दाखविणारा आपल्याच देशांतील असावा, हा ध्यास त्यांस तेथें लागला. पुढील कित्येक महिने त्यांनीं मिळतील तितके चित्रपट पाहिले, परदेशी पुस्तकें व सूचिपत्रें मिळवून वाचलीं, आणि रात्र रात्र डोळ्यांस ताण देऊन फिल्मचे तुकडे तपासले. परिणामीं कांहीं काळ त्यांची दृष्टीच गेली. औषधोपचारानें ती परत आली. परंतु ध्यास कायम राहिला.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. ओळखपाळख कोणाचीही नव्हती. बायोस्कोप नांवाच्या साप्ताहिकाच्या कचेरींत ते थेट गेले, आणि संपादकांस त्यांची कळकळ पटली. त्यांच्या मदतीनें सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओंत त्यांस काम पाहावयास मिळालें. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र व कोऱ्या फिल्मची मागणी असें सारें पदरीं बांधून ते दोन महिन्यांच्या आंतच परतले.

पैसा तर संपलेला. भांडवल घालणारास चित्रपट म्हणजे काय हें दाखविल्यावांचून तो पैसा कसा देणार? तेव्हां फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसविला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठरलेल्या वेळीं थोडें थोडें चित्रण केलें. तीं चित्रें पडद्यावर एकामागून एक सोडतांच, दाणा फुटून कोंब वर येतो, पानें उलगडतात आणि वेल चढूं लागतो, हें सारें मिनिट-दीड मिनिटांत दिसलें. अंकुराची वाढ असें या छोट्या चित्रपटाचें नांव. तो पाहून भांडवल मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. वस्तु किंचित बदलावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां बदलावयाची व पुन्हां एक चित्र घ्यावयाचें, हीच सर्व व्यंगचित्रपटांची मूळ युक्ति आहे. येथें बदल निसर्ग करीत होता, एवढाच काय तो फरक.

त्या काळीं कोरी फिल्म भोकांवांचून येत असे. फिल्मच्या दोन्ही कडांस भोकें असल्याशिवाय ती यंत्राच्या दांत्यांवर चढत नाहीं. एका चित्रास एका कडेला चार भोकें, आणि एका फुटांत सोळा चित्रें. म्हणजे फुटामागें एका कडेस चौसष्ट भोकें झालीं. हें काम पूर्ण अंधारांत करावें लागे, कारण प्रकाशाचा किरण लागला कीं फिल्म वाया गेली. तें सरस्वतीबाईंनीं केलें. फिल्म धुणें, रसायनें मिसळणें, चित्रणाच्या वेळीं उन्हांत पांढरे पडदे धरून उभें राहणें, आणि यावर कळस म्हणून साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हेंही त्यांच्याकडेच होतें. दागिने तर त्यांनीं केव्हांच काढून दिले होते. पुस्तकांतून पहिल्या चित्रपटाचें श्रेय एका नांवावर लिहिलेलें असतें; पण आमच्या मतें तेथें दोन नांवें असावयास हवीं होतीं.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचें काम दादरच्या घरांत व आसपास सुमारें सात महिने चाललें. हरिश्चंद्र दत्तात्रेय दामोदर दाबके यांनीं केला, रोहिदास फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र यानें. तारामतीची भूमिका करावयास एकही स्त्री तयार होईना. शेवटीं ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांतील स्वयंपाकी साळुंके यांस लुगडें नेसवून उभें केलें. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांस दाखविण्यांत आला, आणि लोकांनीं गर्दी केली.

त्याच वर्षीं फाळके सर्व पसारा घेऊन नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर या दुसऱ्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या, आणि लुगडें नेसलेल्या पुरुषांची अडचण तेवढ्यापुरती तरी दूर झाली. १९१४ सालीं आपले चित्रपट घेऊन ते पुन्हां लंडनला गेले. तेथें कौतुक झालें. पण परतल्यावर महायुद्ध सुरू झालें, कोरी फिल्म मिळेनाशी झाली, भांडवलवाल्यांनीं हात आखडता घेतला, आणि मोठा चित्रपट करणें अशक्य होऊन बसलें.

या तंगीच्या दिवसांत, १९१५ सालीं, त्यांनीं आगकाड्यांची मौज हा छोटा चित्रपट केला. फ्रान्समध्यें एमील कोल या चित्रकारानें १९०८ सालीं असा एक प्रयोग केला होता. काडेपेटींतील काड्या मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचें, काड्या केसभर सरकवावयाच्या आणि पुन्हां चित्र घ्यावयाचें. शंभर फूट लांबीसाठीं ही क्रिया सोळाशें वेळां करावी लागते. एकदां हात अडखळला कीं सारी रांग बिघडली. कसलेल्या जादूगाराच्या बोटांवांचून हें साधावयाचें नाहीं, आणि प्रोफेसर केळफाचीं बोटें येथें कामास आलीं असावींत असें आम्हांस वाटतें. ज्या माणसास नट, पोशाख व फिल्म यांपैकीं कांहींच परवडत नव्हतें, त्यानें स्वयंपाकघरांतील सर्वांत स्वस्त वस्तूकडून अभिनय करून घेतला. आज ज्यास भारतीय व्यंगचित्रपटसृष्टि म्हणतात तिचा वंशवृक्ष काढावयाचा झाल्यास तो येथून काढावा लागतो. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगचित्रांची शाखा उघडून डिस्ने कंपनींत काम केलेले क्लेअर वीक्स तेथें शिकवूं लागले ते १९५६ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर.

पुढील भाग थोडक्यांत सांगतों. १९१७ च्या लंकादहन चित्रपटानें अलोट पैसा मिळविला; त्यांत राम व सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनीं केल्या होत्या. १९१८ सालीं मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारींत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि श्रीकृष्णजन्म व १९१९ सालीं कालियामर्दन हे चित्रपट झाले. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. नंतर भागीदारांशीं पुन्हां वितुष्ट आलें, आणि दादासाहेब रागावून काशीस निघून गेले. तेथें त्यांनीं नाटक लिहिलें. कांहीं वर्षांनीं ते कंपनींत परत आले, पण पूर्वींची बहर आली नाहीं. १९३१ सालीं बोलपट निघाला. १९३२ चा सेतुबंधन हा त्यांचा मूकपट होता, आणि त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ सालीं कोल्हापूर सिनेटोनसाठीं केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट व शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. शेवटचीं वर्षें हलाखींत व विस्मृतींत गेलीं. त्यांच्या नांवाचें राष्ट्रीय पारितोषिक १९६९ सालापासून देण्यांत येऊं लागलें.

येथें चरित्र संपावें; पण फाळक्यांच्या कृतींचें चरित्र त्यांच्या मृत्यूनंतरच सुरू होतें, आणि आमच्या दृष्टीनें तेंच अधिक चटका लावणारें आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असून, पेटला तरी नष्ट होतो आणि न पेटला तरी नष्ट होतो. आमच्या कोंकणपट्टींतील उष्ण व दमट हवेंत तो हळूहळू चिकट होतो, वेटोळीं एकमेकांस चिकटतात, आणि अखेरीस डब्यांत तपकिरी भुकटी तेवढी उरते. ज्या फिल्म अशा कुजल्या नाहींत त्यांतील चांदीच्या लोभानें पुष्कळ विकल्या गेल्या. आणि मुख्य म्हणजे, एकदां गांवोगांव फिरून झिजलेला चित्रपट जपून ठेवावा हें कोणाच्या मनांतच येत नसे. आपल्या देशांत हजाराहून अधिक मूकपट झाले. त्यांपैकीं मूठभरच आज उरले आहेत.

१९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, त्या वेळीं फाळक्यांस जाऊन वीस वर्षें झालीं होतीं. या संग्रहालयाचे पी. के. नायर यांनीं फाळक्यांच्या वारसांकडून व अन्य ठिकाणांहून जें मिळेल तें गोळा केलें. हरिश्चंद्राचीं चारांपैकीं दोन रिळें, म्हणजे सुमारें १,४७५ फूट, हातीं लागलीं. लंकादहन व श्रीकृष्णजन्म यांचे कांहीं शें फुटांचे तुकडे मिळाले. कालियामर्दन तेवढा बव्हंशीं सांपडला; पण तोही तुटक्या तुकड्यांच्या रूपांत. कोणता तुकडा आधीं व कोणता मागून, हें ठरविण्यास फाळक्यांनीं स्वतः लिहून ठेविलेलीं टिपणें उपयोगीं पडलीं असें सांगतात. हा चित्रपट ज्यांस पाहावयास मिळेल त्यांनीं त्याचा आरंभ अवश्य पाहावा. प्रथम मंदाकिनीचा चेहरा दिसतो. ती हर्ष, राग वगैरे भाव एकामागून एक करून दाखविते. आणि मग तिचाच कृष्ण होतो. ही एक लहान मुलगी आहे व ती आतां नाटक करणार आहे, असें बापानें प्रेक्षकांस आधींच सांगून टाकिलें आहे.

हरिश्चंद्राच्या रिळांविषयीं एक शंका येथें सांगणें प्राप्त आहे. पहिल्या चित्रपटाची फिल्म जळाल्यामुळें फाळक्यांनीं १९१७ सालीं तीच कथा पुन्हां चित्रित केली. उरलेलीं दोन रिळें १९१३ चीं नसून या दुसऱ्या चित्रपटाचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असेल, तर ज्याचा वाढदिवस आपण दरवर्षीं ३ मे रोजीं आठवितों, त्याचा एक फूटही आपल्यापाशीं नाहीं.

अशा फिल्मची दुरुस्ती कशी होते, हें जाणण्याची इच्छा आमच्या विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांस असेलच. प्रथम फिल्म हातानें तपासतात. जुनी फिल्म आक्रसलेली असते. त्यामुळें सरस्वतीबाईंसारख्यांच्या हातांनीं पाडलेलीं तीं भोकें आतां यंत्राच्या दांत्यांवर बसत नाहींत, आणि जबरदस्ती केल्यास टरकन् फाटतात. फाटलेलीं भोकें बारीक पट्टीनें सांधावयाचीं, धूळ व बुरशी पुसावयाची, मग एक एक चित्र सावकाश उतरवून संगणकांत घ्यावयाचें. ओरखडे, डाग व लुकलुक हीं तेथें काढितां येतात. पण येथेंही विवेक हवा. जास्त घासलें तर मूळच्या चित्राचा पोतच निघून जातो, आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसूं लागतात. रंगीत व्यंगचित्रपटांच्या बाबतींत तर हा धोका फारच मोठा. घासणारा कलावंताच्या कुंचल्याची रेघच ओरखडा समजून पुसून टाकावयाचा.

वेगाचाही प्रश्न असतो. मूकपट सेकंदास सुमारें सोळा चित्रांच्या वेगानें, हातानें दांडा फिरवून घेत. बोलपटाचा वेग चोवीस चित्रांचा. हरिश्चंद्राचे ते १,४७५ फूट सोळाच्या वेगानें चोवीस मिनिटांहून किंचित अधिक चालतील, आणि चोवीसच्या वेगानें सोळा-सतरा मिनिटांतच संपतील. जुन्या चित्रपटांतील माणसें तुरुतुरु धांवतात व मुलें त्यांस हंसतात, त्याचें कारण बहुधा हेंच आहे. दोष त्या माणसांचा नसून दाखविणाराचा असतो. हें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें.

संग्रहालयांत आलें म्हणजे सर्व सुरक्षित झालें असेंही नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली, आणि पांच हजारांवर रिळें भस्म झालीं. प्रभात कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही त्यांत गेल्या. नायट्रेटवरून सुरक्षित फिल्मवर जें उतरवून घेतलें होतें तेंच काय तें वांचलें. त्यानंतर राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान निघालें, मुंबईंतही या कार्यास वाहिलेली संस्था २०१४ सालीं उभी राहिली, आणि आज फाळक्यांचे उरलेले तुकडे वाशीस वा नेरूळला घरबसल्या पाहावयास मिळतात. ही नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको स्थापन झाली १९७० सालीं, फाळक्यांच्या जन्मास बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां. त्यांच्या हयातींत या किनाऱ्यावर भातशेती, मिठागरें व कोळीवाडे होते. आमच्या पालकांच्या कपाटांत लग्नाच्या व बारशाच्या ज्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत, त्यांसही बुरशी लागते, हें जातां जातां सांगून ठेवितों.

आगकाड्यांची मौज मात्र कोणासही दिसणार नाहीं. नाशिकच्या पेट्यांतून ती निघाली नाहीं, पुण्याच्या कोठारांतही ती नाहीं. तिचें नांव व वर्ष एवढेंच उरलें आहे. वाटाण्याचा कोंबही गेला. त्या काळांतील एक लहानसा तुकडा मात्र वांचला आहे. चित्रपट कसे तयार करतात हें लोकांस समजावें म्हणून फाळक्यांनीं एक चित्रपट केला होता, त्याचा तो अंश. त्यांत दादासाहेब स्वतः दिसतात. ते नटांस सूचना देतात, मग फिल्मची लांब पट्टी दोन्ही हातांत उजेडाकडे धरून तिच्यावरील एक एक चित्र बारकाईनें निरखीत राहतात, आणि तेथेंच तो तुकडा संपतो.